खाली न येणारा आंबा

अकोल्यात मे महिन्यात कुलरपुढची जागा ज्याची, तो घरचा कर्ता. देवमनराव तायड्यांच्या घरी यंदा ती जागा एका कॉम्प्युटरने पटकावली.

कॉम्प्युटर म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड. सगळं यंत्र त्याच्याच पोटात आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. वीज मंडळात वायरमन असताना देवमनरावांनी तो अमरावतीच्या एका बंद पडलेल्या क्लासातून आणला होता आणि पुस्तकात बघून बघून लेकीसाठी त्यावर एक खेळ लिहिला होता. वरून आंबा पडतो, खाली टोपलीत झेलायचा. पण तो आंबा असा पडे, की मधल्या वेळात माणसाने कैरीला तिखटमीठ लावून खाऊन यावं.

ती लेक, ज्योत्स्ना, आता पुण्याला कॉम्प्युटरच्याच नोकरीत. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, माह्यं लग्न झालं, पण तुमचा आंबा काही अजून खाली आला नसन!"

हे लागलं. रविवारी ज्योत्स्ना येणार, तिच्यापुढे आंबा दाणकन पडलाच पाहिजे! देवमनरावांनी वेगवान प्रोसेसर मागवला, चष्मा कपाळावर ढकलून सोल्डरिंगचे डाग दिले, जास्तीची मेमरी जोडली. यंत्र धावायला लागलं आणि तापायलाही. जरा वेळ गेला की पडदा गोठायचा. तापलेल्या वस्तूवर अकोल्याच्या माणसाला एकच औषध ठाऊक. त्यांनी कीबोर्डाचं झाकण काढलं आणि कुलर तिकडे वळवला.

"अन् मी कुठी बसू?" त्यांच्या बायकोने, साधनाबाईंनी विचारलं.

"अवं, प्रोसेसरले गरम होऊन राह्यलं."

"मंग मले काय थंडी वाजून राह्यली?"

असं म्हणून त्यांनी रागारागाने कुलरची टाकी काठोकाठ भरली. वाऱ्याबरोबर तुषार उडाले, टीव्हीवर मुंग्या धावल्या आणि सगळं ठप्प.

"मेलं! उद्या पोरगी येते," देवमनराव मटकन खाली बसले.

साधनाबाईंनी ओला बोर्ड उचलला आणि स्लॅबवर कुरडयांच्या शेजारी, त्याच धोतराच्या पानावर नेऊन ठेवला. "कुरडई वाळते तं हेबी वाळन."

वाळलं की! देवमनरावांनी आत एक छोटा पंखा बसवला आणि कुलर बायकोला परत केला.

रविवारी ज्योत्स्ना टीव्हीपुढे मांडी घालून बसली. पहिला आंबा दिसतो न दिसतो तोच फुटला. दुसरा, तिसरा, चौथा. टोपली आपली कोपऱ्यातच.

"आंबे हायेत का गारपीट?" साधनाबाई म्हणाल्या.

ज्योत्स्ना हसून हसून लोळली. मग उठून म्हणाली, "पण बाबा, आंबा खाली येईपर्यंत तुमी मले खांबावरच्या गोष्टी सांगत होते. आता कवा सांगसान?"

देवमनरावांचं तोंड जरा उतरलं. मग ते उठले, माळ्यावरून पंख्याचा जुना रेग्युलेटर काढला आणि पुन्हा सोल्डरिंग घेऊन बसले. पाचवर फिरवलं की नवी चाल, एकवर आणलं की जुनी.

दुपारी कुलर साधनाबाईंकडे, छताचा पंखा पाचवर आणि आंबा एकवर. देवमनरावांनी घसा खाकरला. "तं एकदा तेल्हाऱ्याले खांबावर माकड चढलं व्हतं..."

"मंग?" ज्योत्स्नाने विचारलं.

माकड अजून खांबावरच होतं आणि आंबाही अर्ध्यावर.