वाकडा टाक

लग्नाला सहा महिने झाले होते, आणि उखाण्यात घेतलं तेवढं सोडलं तर नवऱ्याचं नाव मी एकदाही तोंडाने घेतलं नव्हतं. तशी पद्धतच होती. ते मुंबईला नोकरीला आणि मी सासरी, गावच्या शाळेत मास्तरीण. पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमचे हेडमास्तर निवृत्त होणार होते. माझं अक्षर बरं म्हणून त्यांचं मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मीच ते पाडून घेतलं.

देवनागरीला निबचं तोंड तिरपं लागतं. सरळ टाकाने ते तसं धरायचं म्हणजे मनगट पिळायचं. दोन ओळींतच माझा हात भरून येई. वाकड्या दांडीचा टाक मिळतो असं ऐकलं होतं, म्हणून एसटीने वेंगुर्ल्याला गेले.

दुकानदाराने तीन वाकडे टाक समोर मांडले. पहिल्यात फक्त जाड निब बसे. दुसऱ्याच्या पत्र्याच्या चिमटीत निब डुगडुगे. तिसऱ्याची चिमटी दाबली की बारीक इंग्रजी निबही बसे आणि आपली रुंद कापलेलीही. पण हातात कसा चालतो ते लिहिल्याशिवाय कळणार कसं? माणसं अशा वेळी 'श्री' लिहितात. मी नवऱ्याचं नाव लिहिलं. त्यात एक जोडाक्षर आहे, एक मोठं वळण आहे, टाक पारखायला ते सोयीचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. बघता बघता कागद भरला.

"बाये, टाक तीन आनि नाव एकच?" दुकानदार म्हणाला, आणि त्या चावट माणसाने तिसरा टाक नेमका त्याच कागदात बांधून दिला.

घरी पुडी सोडली सासूबाईंनी.

"ह्यो तर वाकडो. फसवल्यान तुका. उद्याच्या पयल्या गाडयेन जा आनि परत करून ये."

मी मनगटाचं सांगितलं, निबचं सांगितलं. काही उपयोग झाला नाही. सासूबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं. मानपत्र चार दिवसांवर आलेलं, मला रडू फुटायचंच बाकी होतं. एवढ्यात त्यांनी कागद उलगडला. त्यांना अक्षरओळख नव्हती.

"ह्या काय लिवलंस? वाचून दाखय."

मी खाली बघितलं. "येना नाय वाचूक."

"मास्तरीण मां तू?"

"ता तोंडान घेऊक येना नाय, आई."

त्यांच्या ध्यानात आलं. मग कागदावर बोट ठेवून एक एक नाव मोजायला लागल्या. चौदापर्यंत गेल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हसू ओसरल्यावर त्यांनी मागच्या माडांकडे पाहिलं. सासरे तिथे शिंपणं करत होते. सासूबाईंनी आवाज खाली आणला.

"ह्येंचा येता तुका लिवूक?"

मी दौत उघडली आणि कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. तीनच अक्षरं. चाळीस वर्षं ज्यांच्याबरोबर संसार केला, त्यांचं नाव सासूबाईंनी उखाण्याबाहेर कधी उच्चारलं नव्हतं, आणि ते दिसतं कसं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. शाई वाळल्यावर त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग टाक माझ्या हातातून घेतला. मी त्यांचा हात धरला. भांडी घासून तो राठ झाला होता. पहिलं अक्षर खेकड्यासारखं तिरकं गेलं, दुसरं फुटलं, तिसरं चांगलं आलं.

सासऱ्यांची पावलं वाजली तसा त्यांनी कागद पाटाखाली सारला. सासऱ्यांनी टाक उचलून बघितला.

"ह्यो वाकडो कित्याक घेतलास? परत कर."

"तुमका काय कळता त्यातला," सासूबाई म्हणाल्या. "पाय धुवा जावा."

ते विहिरीकडे वळले. सासूबाईंनी कागद पुन्हा बाहेर काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"उद्या खंय जावचा नाय," त्या म्हणाल्या. "आडनाव अजून रवला."