झाकणातली खाच

कारखान्यात त्यांना सगळे शिसारीकाका म्हणत. आधीची तीस वर्षं त्यांनी स्वतःच्या दुकानात मिक्सर दुरुस्त केले होते. मोटरीत मेलेली झुरळं, पात्याखाली साचलेलं काळं तेल, काय काय पाहिलं होतं! कुठलंही भांडं हातात आलं की आधी नाकाला लावायचं, ही त्यांची खोड. कंपनीने त्यांना तपासणीच्या टेबलावर आणून बसवलं ते या नाकापायीच.

नव्या मिक्सरचं झाकण आरशासारखं लख्ख होतं. रबर मात्र आतून चिकटवलेलं, निघत नव्हतं. काकांनी खाचेतून नख फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे धुणार कसं?"

"वरून पाणी सोडायचं," डिझाइन करणारी मुलगी म्हणाली. "रबर सुटं ठेवलं की सांधा दिसतो, काका. आता बघा, एक रेघ नाही."

"रेघ नाही, पण आत शिरलेलं बाहेर कुठून यायचं?"

साहेब हसले. "काका, तुम्हाला गुलाबाचीसुद्धा घाण येते. करा सही. सोमवारी माल निघतोय."

काकांनी सही केली. का केली, हे नंतर कुणी विचारलं नाही ते बरंच झालं. जेवायची सुट्टी झाली होती आणि त्यांना भूक लागली होती, याहून मोठं कारण नव्हतं.

पहिल्या खेपेतला एक मिक्सर त्यांनीच ताईकडे नेऊन दिला. आई ताईकडे राहायची. तिला दात नव्हते, दोन्ही वेळचं जेवण वाटूनच द्यावं लागे. महिन्याभरात ताईचा फोन आला.

"आईला कालपासून उलट्या-जुलाब होतायत. काहीतरी बाधलंय म्हणतात डॉक्टर. शिळं तर मी कधीच देत नाही रे!"

काका पोचले तेव्हा आई डोळे खोल गेलेली, सलाइन लावून पडली होती. तिच्या कपाळावर हात ठेवून ते तडक स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर झाकण धुऊन उपडं घातलेलं होतं. त्यांनी सुरीचं टोक खाचेत खुपसून एका बाजूचं रबर उपसलं. मागे हिरवट-काळा, शेंबडासारखा थर. वास असा की ताई तोंडाला पदर लावून मोरीकडे धावली.

"रोज गरम पाण्याने धुते रे मी!" ती आतून रडत म्हणाली.

काकांनी ते झाकण पिशवीत घातलं. तपासणीच्या कागदावरची स्वतःची सही त्यांना डोळ्यांपुढे दिसत होती.

याच्यामुळेच झालं, असं डॉक्टर छातीठोक सांगेनात. काकांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते झाकण त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"शी! बाहेर न्या ते!"

"बाहेर जातंयच, साहेब. रोज चारशे."

"लोक नीट धूत नाहीत त्याला आपण काय करणार? बरं, खोक्यात एक छोटा ब्रश टाकू."

"म्हणजे माणसाला चिखलात ढकलायचं आणि वर टॉवेल द्यायचा!"

डिझाइन करणारी मुलगी पुढे झाली. झाकण उचलून बेसिनपाशी गेली. त्याचं दुसऱ्या बाजूचं रबर अजून चिकटलेलं होतं. ब्रश, टाचणी, दातकोरणं, सगळं करून अर्ध्या तासाने परतली. बोटं हुंगून तिने हात अंगापासून लांब धरले.

"नाही निघत, काका," ती म्हणाली. "मी घरी कधी वाटण केलंच नाही."

तिने सुट्या रबराचं नवं झाकण आखून दिलं. रेघ दिसते म्हणून साहेब कुरकुरले, पण चार महिन्यांनी ते बाजारात आलं. तोवर गोदामातला जुना माल ब्रशसकट शेवटच्या नगापर्यंत खपवला गेला. त्यावर काकांनी सही दिली नाही. गोदामाच्या कारकुनाने दिली, हसत हसत.

काकांनी नोकरी सोडून पुन्हा दुकान उघडलं. तो मिक्सर घेऊन कुणी आलं की ते आधी रबर उपसतात, गिऱ्हाइकाला मागची बाजू बघायला लावतात, मग मोटरीला हात घालतात. काही गिऱ्हाइकं परत फिरकत नाहीत.

आई बरी झाली. वाटलेल्या जेवणाला मात्र आता तोंड लावत नाही, ताई बोटांनी कुस्करून भरवते. परवा ताई बाहेर गेली होती म्हणून काका घास घेऊन पुढे झाले. आईने तोंड घट्ट मिटलं.

"आधी हात दाखव," ती म्हणाली.

साठीच्या काकांनी ताट खाली ठेवून दोन्ही हात पालथे-उताणे करून दाखवले.