सरहद्दीच्या अलीकडे राहिलेला कापूस

आमच्या घाटंजीकडची माती इतकी चिकट, की पावसाळ्यात बैलाचा पाय रुतला तर पुढच्या पोळ्यालाच निघतो. हे मी त्या पोरीला पहिल्याच दिवशी सांगितलं, तर तिनं घाबरून चपला काढून हातात घेतल्या.

पोरगी बांगलादेशातली. तिकडच्या पोरांनी इकडे शिकावं, इकडच्यांनी तिकडे, म्हणून दोन्ही सरकारांनी मिळून शिष्यवृत्ती काढली होती. ती इथल्या कृषी महाविद्यालयात आली आणि देशी कपाशीच्या अभ्यासासाठी कॉलेजनं माझ्या वावरातला एक पट्टा घेतला. तिला पाहायला अर्धा तालुका लोटला; उरलेला अर्धा मी बोलावून आणला. पहिल्या वेचणीचा कापूस ती आपल्या देशी नेणार, तिथल्या प्रयोगशाळेत धागा तपासणार, त्यावर तिची पदवी.

बोंडं फुटली आणि दोन देशांचं बिनसलं. शिष्यवृत्ती थांबली, महिनाअखेर परत या, असं तिला कळवलं. त्यातच माझा चुलता वारला, घराला सुतक लागलं. आमच्याकडे सीतादही झाल्याशिवाय, म्हणजे घरच्या बाईनं कपाशीखाली दहीभात ठेवून पूजा केल्याशिवाय, पहिलं बोंड कोणी तोडत नाही. सुतक फिटेपर्यंत महिना संपत होता, आणि सुतकात पूजा कशी करणार?

"अवं, विज्ञानाचं काम हाये हे," मी बायकोला म्हटलं.

"मंग विज्ञानाले म्हना, सुतक फिटेपर्यंत बस खाटेवर."

पोरगी एवढ्या दिवसांत उचललेल्या आमच्याच बोलीत म्हणाली, "काकी, तुमचं मन नसंल तर मी हात नाही लावत."

त्यावर बायको उठून बांधापलीकडे गेली. तिथं तांड्यातल्या बंजारा बाईचं वावर. ती बाई दह्याची वाटी घेऊनच आली. "तुमचं सुतक मले कायले लागते? देवी का बांध मोजत येते?" पूजा तिनं केली, पोरीनं कापूस वेचला, पिशव्यांत भरला. दोन सरकारांनी तोडलेलं आमच्या वाटीभर दह्यानं सांधलं, असं मी बाजारभर सांगत फिरलो. माझ्या आजवरच्या थापांत ती सगळ्यांत मोठी निघाली.

कॉलेजातले सर म्हणाले, सरकीसकट कापूस देशाबाहेर न्यायची परवानगी त्या योजनेतच होती. योजना थांबली, परवानगी गेली.

"इथंच तपासा न मंग."

"तिकडच्याच प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, काकाजी. त्याशिवाय पदवी नाही."

पोरीनं पिशव्या परत आमच्या घरी आणून ठेवल्या. निघायच्या दिवशी यवतमाळच्या स्टँडवर म्हणाली, "काकाजी, पिशव्या ठेवजा. परत सुरू झालं तर."

"आठ दिवसांत सुरू होते," मी म्हटलं. तोंडाला सवयच तशी.

थंडीत तिचा फोन आला. आता भाताचा विषय दिलाय, पुन्हा पहिल्यापासून. मी कापसाचं विचारलं, तर तिनं काकीची तब्येत विचारली.

उन्हाळ्यात उंदरांनी पिशव्या फोडल्या. बायकोनं त्या एकेक करून घरच्या ढिगात झटकल्या, मी गाडी भरली. बाजारात व्यापाऱ्यानं मूठभर कापूस ओढून काढला, बोटांत ताणून पाहिला.

"वाण कोन्तं?"

एरवी मी त्याला गाडी रिकामी होईस्तोवर किस्सा सांगितला असता.

"मिक्स हाये," म्हटलं.