आबांचे दात आणि वहिनीची सफरचंदं

माझे वडील हेडमास्तर होते. जळगावच्या मेहरूण भागातली आमची सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची, म्हणून आम्ही मुलंही आबाच म्हणायचो. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत त्यांच्या हिरड्या सुजायला लागल्या आणि शेवटी दातांच्या डॉक्टरांनी तीन खेपांत सगळे दात काढले. कवळी लगेच बसणार नव्हती. हिरड्या नीट भरून यायला तीन महिने तरी लागतील, असं डॉक्टर म्हणाले.

दात गेल्याचं दुःख आबांनी केलं नाही. त्यांना लागलं ते बोलणं बिघडल्याचं. तीस वर्षं त्यांनी पोरांकडून श, ष आणि स वेगवेगळे म्हणवून घेतले होते, आणि आता त्यांच्याच तोंडून ‘स’ निघताना शिट्टी वाजायची. पहिल्या आठवड्यात एकदा माझ्याकडून हसू निसटलं. ते मला काहीच बोलले नाहीत, पण त्यानंतर हळूहळू कोणाशीच बोलेनासे झाले. जेवायलाही आमच्यात बसेनात. मागच्या खोलीत, दाराकडे पाठ करून दुधात कुस्करलेली भाकरी खायचे आणि ताट स्वतःच मोरीत नेऊन ठेवायचे. आईने दोनदा समजावलं, मग तिनेही सोडून दिलं. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आल्याला चारच महिने झाले होते. माहेर धुळ्याचं, होमसायन्स शिकलेली, बोलायला कमी. लग्नात तिने भांड्यांबरोबर एक गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन आणला होता. त्याच्या झाकणाला काचेची छोटी खिडकी होती. आईला त्याची धास्ती वाटायची, कारण तो लावला की मीटरचं चाक गरागरा फिरायचं. त्यामुळे नानकटाई एकदा झाली आणि मग ओव्हन कपड्यात गुंडाळून कपाटावर गेला.

आबा आजारी आहेत असं कळलं की माणसं भेटायला यायची, आणि हातात हमखास सफरचंदं असायची. जळगावात केळी कोण कोणाला नेऊन देणार? ती घरोघरी असतातच. मऊ म्हणून आबांनी महिनाभर केळीच खाल्ली होती आणि आता त्यांना ती बघवत नव्हती. सफरचंद मात्र त्यांना फार आवडायचं, सालासकट, कराकरा चावून. दात नसलेल्या माणसासमोर लोक भक्तिभावाने सफरचंदांची पिशवी ठेवायचे, आबा मान डोलवायचे, आणि माणसं गेली की आई ती शेजारीपाजारी वाटून टाकायची.

एका रविवारी चारच्या सुमारास आबांचे एक जुने सहकारी आले. चाळीसगावचे, दोघांनी एका शाळेत बारा वर्षं काढलेली. त्यांना संध्याकाळच्या पॅसेंजरने परतायचं होतं, म्हणजे हातात जेमतेम दीड तास. आबा बाहेर आले, नमस्कार केला, पाहुण्यांच्या प्रश्नांना मानेनेच हो-नाही केलं. आईने चिवड्याच्या बश्या भरायला घेतल्या तसे ते उठले. आता खायचं येणार, हे त्यांना भांड्यांच्या आवाजावरून कळलं असावं. पडून येतो, अशी खूण करून ते आत गेले. पाहुणे एकटेच खुर्चीवर छताकडे बघत बसले.

वहिनी दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. ती स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, “आई, चिवडा परत डब्यात ठेवू या. सगळ्यांना एकच देऊ. मला अर्धा तास द्या.”

आई काही बोलायच्या आत तिने कपाटावरचा ओव्हन उतरवला होता. मला तिने सफरचंदं सोलायला बसवलं. पातळ फोडी करा, कागदासारख्या, एवढंच सांगितलं. स्वतः दालचिनीचा तुकडा तव्यावर जरा गरम केला, खलबत्त्यात कुटला आणि फडक्यातून चाळला. आईने विचारलं, गोडात दालचिनी कोण घालतं? आमच्याकडे ती काळ्या मसाल्यातच जायची. वहिनीने चिमूटभर पूड साखरेत मिसळून आईच्या तळहातावर ठेवली. आईने चाखली आणि गोडासाठी काढलेली जायफळाची डबी परत जागेवर ठेवली.

फोडींना साखर, लिंबू आणि दालचिनी चोळून तिने त्या तुपाचा हात लावलेल्या डब्यात दाबून बसवल्या. मग कणीक, तूप आणि पिठीसाखर बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ केली. तूप चांगलंच सढळ होतं. वरचा थर कडक व्हायला नको, जिभेनेच दाबला तरी विरघळायला हवा, असं ती कामाच्या ओघात म्हणाली, आणि हे सगळं कोणासाठी चाललंय ते मला तेव्हा कळलं. पहिली पंधरा मिनिटं तिने डब्यावर ताटली झाकली, म्हणजे फोडी वाफेने शिजतील. नंतर ताटली काढली. काचेच्या खिडकीतून आम्ही तिघी आळीपाळीने बघत होतो. आईचं मीटरकडे लक्षच गेलं नाही.

वास मागच्या खोलीपर्यंत गेला. वहिनीने पाच वाट्या भरल्या, प्रत्येकीत थोडी साय घातली, चमचे ठेवले आणि आबांना हाक मारायला स्वतः गेली. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण आबा आले, आणि खुर्चीवर बसल्यावर त्यांनी आधी सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. पाहुण्यांकडे तीच वाटी, आईकडे तीच, माझ्याकडे तीच. मग त्यांनी चमचा उचलला.

त्यांची अर्धी वाटी संपली. मग आबा म्हणाले, “सूनबाई, ही दालचिनी ना?”

‘सू’ शिट्टीसारखा निघाला. कितीतरी दिवसांनी त्यांनी चारचौघांत तोंड उघडलं होतं. मी पाहुण्यांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही, वाटीचा तळ खरवडत राहिले आणि आपल्या अहिराणीत विचारलं, “बठ्ठं सरनं का?”, म्हणजे सगळं संपलं का. वहिनी उरलेलं आणायला आत गेली.

त्यानंतर दोघं बोलत बसले. शिट्ट्या वाजत होत्या आणि आबांनी त्या वाजू दिल्या. पॅसेंजर चुकता चुकता राहिली. रात्री आबा आमच्या पंक्तीला येऊन बसले, जणू कधी उठलेच नव्हते. वहिनीने त्यांच्या ताटात कुस्करलेली भाकरी वाढली, तशीच स्वतःच्याही ताटात कुस्करून घेतली आणि दिवसभर बाहेर असलेल्या दादाशी भलतंच काहीतरी बोलू लागली.

पुढे कवळी आली, ती त्यांना फारशी मानवली नाही, पण त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं. दादाची बदली धुळ्याला झाली आणि वहिनी आपल्या गावी संसार थाटायला गेली. मी तिथे सुट्टीला गेले असताना तिला विचारलं, सासरी येऊन चारच महिने झालेले असताना पाहुण्यांसाठी काढलेला चिवडा परत ठेवायला सांगण्याचं धाडस तुला कसं झालं?

ती चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, “ताई, हात कापत होते माझे. सफरचंदं तुम्हाला सोलायला दिली ती त्याचसाठी.”