हुशार मुलांचा वर्ग

आमच्या मोहाडीच्या शाळेत दर शनिवारी हुशार मुलांचा जादा वर्ग भरतो. तो घेणारे सर आधी सगळ्यांच्या पेन्सिलींना स्वतः टोक काढतात. एखाद्यानं अवघड कोडं सोडवलं की मुलापेक्षा तेच जास्त हसतात. "कसं सुचलं बाप्पा तुले?" असं ते विचारायचे तेव्हा शिक्षिका म्हणून मला त्यांचा हेवा वाटायचा.

गेल्या वर्षी या वर्गाच्या निवड चाचणीत आंबागडची पाचवीतली एक मुलगी पहिली आली. पेपर मीच तपासले होते. यादी लागली तेव्हा तिच्या जागी संस्थेच्या अध्यक्षांचा नातू होता. ती वडिलांना घेऊन विचारायला आली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"थोडे मार्क कमी पडले बेटा तुले."

"किती कमी पडले, सर?"

"बरेच."

मी शेजारच्या टेबलाशी होते. हजेरीपट उघडून त्यात बघत राहिले.

ती गेल्यावर सर म्हणाले, "खरं सांगून तिले काय भेटलं असतं, मॅडम?"

ती आता सहावीत, माझ्याच वर्गात आहे. काल फळ्यावरचं गणित मी तिला विचारलं.

"मले नाही येत, मॅडम," ती म्हणाली.

तिच्या वहीत उत्तर बरोबर लिहिलेलं होतं.