मेहिटाबेलच्या शेताचा कोपरा

लिही गं. मेहिटाबेल म्हणजे माझी थोरली मावशी. नवरा जाऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तेव्हा लढाई पेटलेली, इंग्रजांची जहाजं ईरी सरोवरात मोकाट फिरायची, आणि आपल्याकडे धड जहाज नाही. सगळं नव्यानं बांधायचं. सुतार आले फिलाडेल्फियाहून, लोखंड न् दोरखंड पिट्सबर्गहून. लाकूड तेवढं इथलंच, काल तोडलं की आज जहाजात.

मावशीकडे सुतार उतरलेले. त्यांना मक्याची लापशी न् खारवलेलं डुक्कर रांधून घालायची. वर म्हणाली, "माझ्या रानातले ओकही न्या. पण मी खूण करीन तेवढेच." आणि स्वतः कुऱ्हाड घेऊन गेली. द्यायच्या झाडांची साल तासून पांढऱ्या खुणा केल्या.

मग एकदा रानात भाकरी द्यायला गेली, तर काय? कोपऱ्यावरचा म्हातारा ओक नाही! बुंधा तरी राहावा? तोही नाही. नुसता खड्डा.

अगं, त्या ओकालाही साल तासलेली होती ना! ती मोजणीवाल्यांनी, हद्दीची म्हणून. जमिनीच्या कागदात सगळं त्या झाडापासून मोजलेलं. शेजारचा ऑबेड क्रँडल ओढ्याकाठची तिची कसदार पट्टी आपलीच म्हणायचा. ओक दाखवला की गप्प व्हायचा.

तशीच पळत गोदीत गेली. मुख्य सुतार जोथम. त्याला म्हणाली, "मेल्या, माझं हद्दीचं झाड कुठाय?"

"खूण होती बाई! तुम्हीच म्हणालात."

"मग मूळ कशाला उपटलंस?"

"बुंधा न् मूळ मिळून छान वाकडं लाकूड निघतं. डेक त्याच्यावर टेकतो. आम्ही त्याला गुडघा म्हणतो."

"मग दे माझा गुडघा परत!"

"ठोकून बसवला. आता काढला तर जहाज लंगडं व्हायचं."

मावशी मटकन लाकडाच्या ढलप्यांतच बसली. खूण दिसेल ते न्या, असं तिनंच सांगितलेलं ना.

परत आली तर ऑबेड खड्ड्याशी हजर. "वहिनी, आता हद्द कुठं म्हणायची? मला तर काही दिसत नाही बुवा."

मावशीनं घागरा आवरला न् थेट खड्ड्यात उतरली. "ही काय, मी उभी आहे ना! जोथमला बोलवा. नाहीतर आज त्याच्या सुतारांना जेवण नाही."

भुकेली माणसं, पळतच आली गं. जोथमनं लोहाराच्या भट्टीवरचा कोळसा गाडीभर आणवला. तो खड्ड्यात ओतला, मातीत कुजत नाही म्हणून हद्दीची खूण कायम राहते. वर धोंडे रचले. मावशी म्हणाली, "आता सगळ्यांनी सांगा, झाड कुठं होतं?"

"इथंच!" सगळे ओरडले. एकजण ऑबेडला म्हणाला, "तुम्ही पण बोला की काका. तुमचा पोरगा त्या झाडाच्याच जहाजावर जातोय."

ऑबेड धोंड्यांजवळ आला. मग टोपी काढून पुटपुटला, "इथंच होतं."

जहाज निघालं तेव्हा बाया रुमाल हलवत होत्या. मावशीचे हात मात्र तसेच लोंबत राहिलेले. म्हणाली, "अगं बाई, माझ्या शेताचा कोपरा चालला की लढाईला!"