आपांच्या वाटणीचा जाम

रजियाआपा गेल्याचं मला त्यांच्या सुनेच्या, शाहीनच्या, रडण्यातून कळलं. तासाभरात गल्लीनं कारणही ठरवून टाकलं : शुगर असून रोज जाम खायच्या, दुसरं काय होणार! जाम म्हणजे आमच्याकडचा पेरू. खोटं आहे हे. आपा डेंग्यूनं गेल्या.

उमरखेडला आमची घरं समोरासमोर. त्यांच्याकडे मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, आमच्याकडे मास्तरकी. आपांची आणि माझी शुगर एकाच शिबिरात निघाली आणि दोन्ही घरांतून फळं हद्दपार झाली. जाम गोड म्हणून बंद. चहात बुडवून टोस मात्र हवे तेवढे खा, ते फिके ना! साबुदाण्याची उसळ उपासाची, म्हणून तीही चालायची. आपा कुठल्या ऐकतात? डॉक्टरांनाच विचारून आल्या. अख्खं फळ खा, बेतानं खा, रस काढू नका, जेवणावर नको, एवढंच ते म्हणाले होते. मग काय... आपांनी टोस सोडले आणि रोज दुपारी ओट्यावर बसून, साऱ्या गल्लीला दिसेल असा जाम कापायला लागल्या. अर्धा त्यांचा, अर्धा माझा. आत बसून खाऊ म्हटलं, तर म्हणाल्या, "काहून? चोरी करून राह्यलो का आपन?"

त्या गेल्यावर माझ्या मुलानं घरात पुन्हा बंदी घातली. आपांचं पाहिलं ना, म्हणाला. पाहिलं बाबा, सगळं पाहिलं, म्हणूनच तर डोकं फिरलं.

गेल्या आठवड्यात त्यांचा चाळिसावा झाला. फातेह्याच्या प्रार्थनेला, जे माणूस गेलं त्याच्या आवडीचं ठेवतात. दस्तरखानावर जर्दा, म्हणजे गोड केशरी भात होता, शिरा होता, आपा ज्याला हात लावत नव्हत्या ते सगळं होतं. जाम तेवढा नव्हता. मी पिशवीतून काढून ठेवला. शाहीन हळूच म्हणाली, "काकू, याच्यानंच तं..."

"तुही सासू डेंग्यूनं गेली, पोरी. तिची शुगर माह्यापेक्षा चांगली होती. जामावर खापर कायले फोडता?"

तिनं जाम दस्तरखानावरून काढला नाही.

मुलगा रागावतो, तरी मी रोज दुपारी ओट्यावर बसते. माझा अर्धा खाते. दुसरा अर्धा ताटलीत तसाच राहतो... काल समोरचं दार उघडलं. शाहीन गल्ली ओलांडून आली, सगळ्यांच्या देखत माझ्या शेजारी बसली आणि हात पुढे केला.

"अम्मीचा अर्धा मले द्या, काकू."